काशीत जेवावे ते काशीच्या वेळेने

मुंबईहून किंवा पुण्याहून शनिवारी पहाटे विमानात बसावे, दोन-अडीच तासांत बाबतपूरच्या विमानतळावर उतरावे, शनिवार-रविवार काशीत घालवून सोमवारी पुन्हा आपापल्या कचेरीत व शाळेत रुजू व्हावे, असा प्रवास आज महाराष्ट्रातील मध्यम स्थितीच्या कुटुंबाच्या आटोक्यात आला आहे. ज्या यात्रेला आपले पणजोबा घरादाराची निरवानिरव करून निघत, ती यात्रा आता सुटीच्या दोन दिवसांत बसते, याबद्दल हळहळ करण्याचे कारण मला दिसत नाही. कारण आजी, आईवडील आणि नातवंडे अशा तीन पिढ्यांनी एकत्र काशीला जावे हे भाग्य पूर्वी फार थोड्यांच्या वाट्याला येत असे, आणि विश्वनाथाचे दर्शन, गंगास्नान, पहाटेचा नौकाविहार व सायंकाळची आरती एवढे सारे या दोन दिवसांत यथासांग पार पडू शकते. या प्रवासात जी एक बाब हटकून उणी राहते ती जेवणाची. ती आपण इतकी दुय्यम मानतो, की तिचा विचार करण्याची तसदीही सहसा कोणी घेत नाही. म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते.

आजचे प्रवासी कुटुंब काशीत कसे जेवते ते पाहावे. सकाळचा फराळ मुक्कामाच्या भाड्यातच धरलेला असल्यामुळे तो हॉटेलच्या भोजनगृहात, साडेनऊच्या सुमारास, इडली, टोस्ट, उपमा आणि कापलेली फळे अशा कोणत्याही शहरात मिळणाऱ्या पदार्थांवर उरकला जातो. दुपारी दर्शनाच्या रांगेतून सुटल्यावर जे पहिले थंड हवेचे उपाहारगृह दिसेल तेथे पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी मागविली जाते. आणि रात्री अंगात त्राण उरलेले नसल्यामुळे मोबाइलवरून काहीतरी मागवून खोलीतच वेळ निभावून नेली जाते. जे सहल कंपनीबरोबर जातात त्यांच्यासाठी महाराष्ट्रातून नेलेला आचारी वरणभात, मटकीची उसळ आणि शिरा यांचा बंदोबस्त ठेवतो, आणि घरच्यासारखे जेवण हे त्या सहलीच्या जाहिरातीतले एक प्रमुख आश्वासन असते. परिणामी काशी डोळ्यांनी पाहिली जाते, कानांनी ऐकली जाते, पण तिच्या अन्नाशी आपली ओळखही होत नाही. माझे म्हणणे असे आहे की, काशीला गेलेल्या कुटुंबाने काशीच्या हातचे खावे, आणि तेही आपल्या सवडीने न खाता काशीच्या वेळेने खावे. यातले पहिले कलम पुष्कळांना लगेच मान्य होईल. परंतु खरी अडचण आणि खरा लाभ दुसऱ्या कलमात आहे.

महाराष्ट्राचा आणि काशीचा ऋणानुबंध किती जुना आणि किती दाट आहे, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. एकनाथमहाराजांनी आपले भागवत १५७३ साली पूर्ण केले ते याच क्षेत्री. मूळच्या पैठणच्या ज्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात विश्वेश्वराच्या मंदिराच्या पुनरुद्धारात पुढाकार घेतला, त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. आज उभे असलेले विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहल्याबाई होळकरांनी बांधविले. गंगेच्या काठाने नावेतून जाताना होळकर, भोसले आणि शिंदे यांची नावे घाटामागून घाट वाचीत जावे लागते. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म भदैनीतला. आणि 'आज' या दैनिकाच्या संपादकपदावरून हिंदी पत्रकारितेला वळण लावणारे बाबूराव विष्णू पराडकर हेही काशीतच वाढलेले मराठी गृहस्थ. ब्रह्मघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगाघाट यांच्या मागच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे नांदत आली. इतका संबंध असूनही एका गोष्टीत मात्र मराठी यात्रेकरू काशीपासून अलिप्तच राहिला, आणि ती गोष्ट म्हणजे काशीच्या बाजारातले अन्न.

या अलिप्ततेला त्या काळी सबळ कारणे होती. यात्रेकरू आपल्या तीर्थोपाध्यायाच्या वाड्यात उतरे, तेथेच सोवळ्यात स्वयंपाक होई, आणि तीर्थविधी, श्राद्ध व उपवास यांच्या नियमांत बाजारच्या पदार्थाला जागाच नसे. त्यात तीर्थाच्या ठिकाणी पटकीच्या साथीचे भय नित्याचे होते, आणि अनोळखी हातचे पाणी पिणे ही धर्माइतकीच जिवाचीही बाब होती. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावन्नच्या धामधुमीत उत्तरेचा मुलूख पायी तुडवून, आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावरून घेऊन परतले. त्यांच्यासारख्या नेमनिष्ठ पुरुषाने वाटेत स्वतःच्या हाताने शिजवून खाल्ले तर त्यात नवल ते काय? परंतु आज सोवळ्याचे नियम पाळणारी कुटुंबे थोडी उरली आहेत, आणि जी आहेत त्यांच्या निष्ठेचा आदर करून त्यांना या चर्चेतून मी बाहेर ठेवतो. उरलेल्या आपण सर्वांनी आपल्या गावी वडापावपासून चिनी नूडल्सपर्यंत काहीही वर्ज्य मानलेले नाही, आणि तरीही काशीला गेलो की वरणभाताचा आग्रह धरतो. कारणे गेली आणि सवय तेवढी मागे राहिली.

ही सवय काशीतच सर्वांत अधिक खटकते, याचे कारण असे की अन्न हा त्या नगरीच्या धर्माचाच एक भाग आहे. विश्वनाथाच्या मंदिरापासून काही पावलांवर अन्नपूर्णेचे मंदिर आहे. हातात पळी घेतलेली ती देवी अन्न वाढते आणि प्रत्यक्ष विश्वाचा नाथ तिच्यापुढे भिक्षापात्र धरून उभा राहतो, अशी कल्पना ज्या नगरीने आपल्या मध्यभागी प्रतिष्ठित केली, तिने जेवणाला किती उच्च स्थान दिले आहे ते निराळे सांगावयास नको. अन्नपूर्णेच्या सुवर्णमूर्तीचे दर्शन धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंतच्या मोजक्या दिवसांतच होते, आणि दिवाळीनंतरच्या अन्नकूटाला मंदिरात पक्वान्नांच्या राशी रचल्या जातात. काशीत कोणी उपाशी झोपत नाही ही तेथील जुनी श्रद्धा आहे, आणि ती निभावण्यासाठी अन्नक्षेत्रांची परंपरा तेथे आजही चालू आहे. अशा गावी जाऊन देवीला नमस्कार करावा आणि तिच्या गावच्या अन्नाकडे पाठ फिरवावी, यात काहीतरी विसंगत आहे असे मला मनापासून वाटते.

शिवाय काशीचे म्हणून जे अन्न आहे ते एका जातीचे वा एका प्रांताचे नाही. हनुमानघाटाच्या परिसरात तमिळ वस्ती आहे, बंगाली टोल्यात बंगाली, ललिताघाटावर नेपाळी मंदिर आणि त्याच्या आसपास नेपाळी माणसे; या सर्वांनी आपापल्या चुली तेथे आणल्या. त्यामुळे काशीत मिळणारा डोसा किंवा संदेश हा तेथे पाहुणा राहिलेला नाही. त्या गावच्या पाण्यावर आणि तेथील गिऱ्हाइकांच्या जिभेवर तो कित्येक दशके घडत आला आहे. म्हणून काशीच्या हातचे खावे असे मी म्हणतो तेव्हा शुद्ध स्थानिक पदार्थांची एखादी यादी माझ्या मनात नसते. त्या गावात राहणारी माणसे रोज जेथे उभी राहून खातात तेथे आपणही उभे राहावे, एवढाच त्याचा आशय आहे. आणि ती माणसे जेथे ज्या प्रहरी खातात तेथे आपणही त्याच प्रहरी जावे, हे त्याला लागूनच येते.

कारण काशीत प्रत्येक पदार्थाला त्याचा प्रहर नेमून दिलेला आहे. सकाळ ही कचौडीची. सहा-साडेसहापासूनच ठठेरी बाजार, कचौडी गल्ली आणि लंका या भागांतल्या कढया तापू लागतात. उडदाच्या डाळीची पिठी भरलेली मोठी कचौडी आणि तिच्या शेजारी छोटी कचौडी तळून निघते. पानांच्या द्रोणात बटाटा, काळे हरभरे किंवा तांबडा भोपळा यांची हिंगाचा वास दरवळणारी पातळ भाजी वाढली जाते, आणि शेवटी गरम जिलबी घेतल्याखेरीज त्या न्याहारीची सांगता होत नाही. गंगेवरून स्नान आटोपून आलेले वृद्ध, शाळेत निघालेली मुले, दुकान उघडण्यापूर्वी आलेले व्यापारी, सायकल रिक्षा बाजूला लावून आलेला रिक्षावाला, असे सगळे एकाच कढईभोवती उभे असतात, आणि भाजीचे पातेले रिकामे झाले की दुकानाचे ते काम संपते. जो प्रवासी हॉटेलचा फराळ करून अकराला बाहेर पडतो, त्याला थंड झालेली कचौडी मिळेल किंवा मिळणारही नाही. पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे ती माणसे त्याला भेटणार नाहीत.

थंडीच्या दिवसांत हा नियम आणखी कडक होतो, कारण तेव्हा मलइयो मिळतो. दूध आटवून थंड करावयाचे, रात्रभर उघड्या आकाशाखाली दवात ठेवावयाचे, पहाटे ते घुसळून वर येणारा फेस अलगद काढून घ्यावयाचा आणि त्यात केशर, वेलदोडा व पिस्ता घालावयाचा, अशी त्याची कृती आहे. ऊन चढू लागले की तो फेस बसतो, म्हणून त्याचा सगळा व्यवहार सकाळच्या काही तासांतच आटोपतो. चौखंबा भागातल्या एका अरुंद गल्लीत मी पाहिलेला प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. आपल्याकडचे एक कुटुंब ऊन वर आल्यावर तेथे पोहोचले. विक्रेता पितळेचे पातेले धुवावयास घेत होता. वडिलांनी थोडेसे जास्त पैसे देऊ केले. तो नम्रपणे आजींकडे वळून म्हणाला, "अब तो खतम हो गया, माताजी। कल सात बजे आइए।" नातू हिरमुसला, पण आजींनी दुसऱ्या दिवशी त्याला अंधारातच उठविले, आणि सातच्या आत ती दोघे मातीचे पुरवे म्हणजे पेले हातात घेऊन त्या गल्लीत उभी होती. जिभेवर ठेवताक्षणी विरून जाणारा तो फेस संपल्यावर विक्रेत्याने त्याच पुरव्यात तळाचे केशरी दूध ओतून दिले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, कारण तो तेथला दस्तूरच आहे. जास्त पैसे देऊनही एखादी गोष्ट मिळत नाही आणि लवकर उठल्याने मिळते, हा धडा त्या मुलाला त्या सकाळी मिळाला. तो देण्यासाठी कोणत्याही शाळेला पुष्कळ दिवस लागले असते.

दुपारच्या जेवणाला बाटी-चोखा घ्यावा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली, सातू भरलेली आणि तुपात बुडविलेली बाटी, आणि भाजलेल्या वांग्याचा, बटाट्याचा व टोमॅटोचा मोहरीच्या कच्च्या तेलात कालविलेला चोखा, हे जेवण आपल्या खानदेशच्या वाचकांना परके वाटणार नाही, कारण वरण-बट्टी आणि भरीत यांच्याशी त्याचे नाते उघड आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि गंगेच्या पलीकडच्या रामनगरच्या गोल भंट्याला २०२३ साली मिळाले; ही दोन्ही वांगी ज्याने चाखली त्याला हा देश नकाशावर दिसतो त्याहून अधिक जवळून कळला असे मी म्हणेन. तसेच हिवाळ्यातला चूडा-मटर. पोहे आणि कोवळे मटार तुपात परतून, वर आले व गरम मसाला घालून केलेला हा पदार्थ पाहिला की कांदेपोह्यांवर वाढलेल्या पुण्याच्या मुलाला आपल्या घरच्याच जिनसेला दुसऱ्या मुलखात कोणते रूप आले आहे ते समजते. ज्येष्ठ-आषाढात जाणाऱ्याने लंगडा आंबा खावा आणि हापूसशी त्याची तुलना करण्याचा मोह आवरावा.

सायंकाळ चाटेची. गोदौलियावरील काशी चाट भांडार किंवा दशाश्वमेधाच्या रस्त्यावरील दीना चाट भांडार येथे टमाटर चाट तयार होताना मुलांना जवळून पाहू द्यावी: भल्यामोठ्या तव्याच्या कडेने टोमॅटो, उकडलेला बटाटा, आले आणि मसाले तुपात शिजत असतात, कारागीर पळीच्या पाठीने ते रगडीत रगडीत मध्यभागी ओढतो, मातीच्या पुरव्यात भरतो, वर जिऱ्याचा स्वाद दिलेला साखरेचा पातळ पाक सोडतो आणि खुसखुशीत नमकीन चुरून कोथिंबीर पेरतो. आंबट, गोड, तिखट आणि तुपाचा स्निग्धपणा यांचा तो संगम आरतीनंतरच्या गर्दीत उभ्यानेच अनुभवावा लागतो. त्यानंतर ठंडाई, ती घेताना भांगेविना हवी असे स्पष्ट बजावावे, आणि विक्रेताही ते मनावर घेतो. शेवटी पान. बनारसी पानाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पाने मुख्यत्वे मगध, बंगाल आणि ओडिशा येथून येतात. पानदरीब्याच्या बाजारातले जाणकार ती निवडतात आणि उष्णतेवर पिकवून पांढुरकी व मऊ करतात. एखाद्या वस्तूचे माहात्म्य पिकवणाऱ्या भूमीइतकेच तिला हाताळणाऱ्या हातात असते, हे त्या विड्यावरून ध्यानात यावे.

आता जो दोष हॉटेलच्या फराळाहूनही वाईट आहे त्याचा उल्लेख केला पाहिजे. नव्या पिढीतील काही कुटुंबे स्थानिक पदार्थांचा शोध मोठ्या उत्साहाने घेतात, पण तो एखाद्या पाहणी अधिकाऱ्याच्या दौऱ्यासारखा: नामांकित दुकानांची यादी हाती असते, एका दिवसात सगळी दुकाने गाठावयाची असतात, प्रत्येक ठिकाणी छायाचित्र काढून दोन घास चाखावयाचे आणि उरलेले टाकून पुढच्या दुकानाकडे धावावयाचे असते. यात गावाच्या वेळेला मान मिळत नाही, अन्नाला मिळत नाही आणि पोटालाही स्वस्थता मिळत नाही. दोन दिवसांत चार ठिकाणी नीट जेवणे पुरेसे आहे. त्यांतल्या एका ठिकाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे हे तर फारच उत्तम, कारण दुसऱ्या खेपेला दुकानदार ओळख देतो, मुलाला जिलबीचे एक वेटोळे अधिक घालतो, आणि आपण गिऱ्हाईक न राहता पाहुणे होतो.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला प्रकृतीचा. सत्तरीच्या आजींना तळलेली कचौडी आणि गोड पाक दोन दिवस सोसणार नाही, मधुमेही माणसाला जिलबी चालणार नाही, लहान मुलाचे पोट प्रवासात बिघडण्याचा संभव असतो. यावर उपाय सरळ आहेत: जे आपल्यासमोर कढईतून किंवा तव्यावरून गरम निघते तेच घ्यावे, कापून ठेवलेली फळे आणि कच्च्या पाण्याच्या चटण्या वर्ज्य कराव्यात, पिण्याचे पाणी आपले बरोबर ठेवावे, दोघांत एक द्रोण घ्यावा आणि एका वेळचे जेवण हलके ठेवावे. ज्या दुकानापुढे गावचेच लोक रांग लावून आहेत तेथे माल शिळा राहण्यास अवकाशच नसतो, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुसरा आक्षेप वेळेचा: दर्शनाच्या रांगेचा भरवसा नाही, मग प्रहर कसे सांभाळावेत? परंतु काशीचा दिनक्रम मुळात ब्राह्ममुहूर्तापासून आखलेला आहे. पहाटे उठून घाटावर जाणाऱ्याला कचौडीची वेळ आपोआपच सापडते. ज्याला काशीत उशिरा उठावयाचे आहे त्याला काशीचे अन्नही नीट मिळणार नाही आणि काशीही नीट दिसणार नाही.

हा केवळ आपल्या सुखाचा प्रश्न असता तर वर्तमानपत्राची एवढी जागा मी अडविली नसती. २०२१ साली विश्वनाथधामाचे लोकार्पण झाल्यापासून काशीतील यात्रेकरूंचा ओघ कमालीचा वाढला आहे, आणि त्या ओघासाठी रस्ते रुंद होत आहेत, हेही योग्यच आहे. परंतु याच कामात २०२५ च्या जूनमध्ये लंका येथील रविदास द्वाराजवळची दुकानांची एक रांग पाडण्यात आली आणि तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली पहलवान लस्सी व चाचीची कचौडी ही दुकानेही गेली. रस्त्याची गरज मी नाकारीत नाही. पण मंदिराचे वा घाटाचे जसे जतन होते तसे भट्टीचे आणि कढईचेही व्हावे, ही गोष्ट आपल्या सरकारी दफ्तरात अजून पुरेशी नोंदली गेलेली नाही. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या बाजारांना वारसा बाजार म्हणून जाहीर करावे आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व घालून दिले आहे. कायदा पथविक्रेत्यांपुरता असला तरी त्यामागचा विचार अशा जुन्या दुकानांनाही लागू पडतो, आणि कोणतेही रुंदीकरण हाती घेण्यापूर्वी त्या दुकानांना त्याच परिसरात पर्यायी जागा देण्याची तजवीज होणे न्यायाचे आहे. मुंबईतील इराणी हॉटेले आणि पुण्यातील जुन्या खानावळी एकामागून एक बंद होताना आपण पाहिल्या आहेत; तेव्हा या हानीचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये.

येथे प्रवाशाच्या हातातही काही अखत्यार आहे. मोठ्या हॉटेलात दिलेला पैसा बहुधा शहराबाहेर जातो. द्रोणात वाढलेल्या कचौडीचा पैसा आचाऱ्याकडे, पत्रावळी लावणाऱ्या बाईकडे, पुरवे घडविणाऱ्या कुंभाराकडे आणि रामनगरच्या भाजीवाल्याकडे जातो. सहल कंपन्यांनीही आपला आचारी जरूर न्यावा, कारण वृद्धांना त्याची गरज असते. पण दोन दिवसांतला एक फराळ आणि एक सायंकाळ त्यांनी मोकळी सोडावी, आणि त्या फराळासाठी आपल्या प्रवाशांना पहाटे एखाद्या जुन्या दुकानापर्यंत पायी न्यावे. एवढी मुभा दिल्याने त्यांच्या जमाखर्चात काही खोट येणार नाही.

काशीला किंवा गयेला गेले की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडून यावयाचा, असा आपल्या घराघरांतून शिरस्ता होता. कोणी आंबा सोडी, कोणी वांगे, कोणी भोपळा. आणि पुढे आयुष्यभर पंक्तीत तो पदार्थ आला की पानावर हात आडवा धरताना त्यांना काशी आठवे. ज्या पदार्थाची आवड नाही तो सोडण्याला त्या व्रतात किंमत नव्हती, म्हणजे अन्नाची गोडी मान्य करूनच ते व्रत उभे राहिले होते. आजच्या कुटुंबाला त्या व्रताचे एक नवे रूप घेता येईल असे मला वाटते. मलइयो काशीत, थंडीत, सूर्य वर येण्यापूर्वी खावा, आणि एरवी त्याचा हट्ट सोडावा. टमाटर चाट त्या तव्यावरची खावी, आणि आपल्या गावच्या मॉलमध्ये बाराही महिने तिची नक्कल मागण्याचा मोह सोडावा. सर्व पदार्थ सर्व काळी सर्वत्र मिळालेच पाहिजेत, ही अपेक्षा आपल्या काळाची सर्वांत हट्टी सवय आहे, आणि काशीत काही सोडावयाचेच असेल तर ती सोडण्याजोगी आहे. पुढच्या सुटीत काशीच्या मुक्कामाची नोंदणी करताना भाड्यातून सकाळचा फराळ वगळावा, आणि गजर पहाटे पाचचा लावावा. आरंभ एवढ्याने झाला तरी पुरे.